सीडीतला सूत्रधार: ‘यू डोन्ट नो जॅक मूव्हीज’ टोमणे कसा मारायचा

प्रश्न वाचून झाला, चार पर्याय पडद्यावर आले. तिघांपैकी एकाने घाईघाईत कळ दाबली, चुकीचा आकडा मारला, आणि स्पीकरमधून सूत्रधाराने नेमकी त्याच चुकीची खिल्ली उडवली. ‘चूक’ एवढाच कोरडा शेरा नाही. हा पर्याय माणसाला खरा का वाटला असेल, ते ओळखून मारलेला टोमणा. पुढच्या प्रश्नाला कोणी काहीच दाबलं नाही, तर त्या गप्प बसण्यालाही टोला. हे सगळं १९९७ साली घरच्या पीसीवर, एका सीडीतून, इंटरनेटची तार न जोडता चालायचं. त्या सीडीत ना मायक्रोफोन, ना कसली कृत्रिम बुद्धिमत्ता. तरी पलीकडे कोणीतरी बसून आपल्याकडे बघतंय असं वाटायचं. हे ‘वाटणं’ कसं घडवलं, ते इथे उलगडायचं आहे.

खेळ म्हणजे ‘यू डोन्ट नो जॅक’ या मालिकेतला सिनेमांवरचा भाग. नावाचा मराठीत नेमका भाव पकडायचा तर ‘तुला काय कप्पाळ कळतंय!’ मालिका सुरू झाली १९९५मध्ये. प्रश्न, आवाज आणि सगळी रचना शिकागोच्या जेलीव्हिजनची. प्रकाशक कॅलिफोर्नियातली बर्कली सिस्टिम्स. पंख लावलेले टोस्टर ज्या स्क्रीनसेव्हरमध्ये उडायचे, तीच ही कंपनी. जेलीव्हिजनची मुळं मात्र करमणुकीत नव्हती. तिचे संस्थापक हॅरी गॉटलिब यांनी आधी शाळांसाठी शैक्षणिक चित्रफिती काढायची संस्था चालवली होती, आणि मुलाचं लक्ष पडद्यावरून हललं की धडा संपला, ही शाळेतली भीती या खेळात पुरेपूर उतरली आहे. खेळाच्या एकूण वेगाकडे पाहिलं तर त्यात विनोदी लेखकाइतकाच मास्तरही दिसतो.

खेळायचं कसं, ते थोडक्यात. एक ते तीन खेळाडू, एकच कीबोर्ड. डावीकडच्याची कळ क्यू, मधल्याची बी, उजवीकडच्याची पी. सात प्रश्नांचा छोटा डाव किंवा एकवीस प्रश्नांचा मोठा. पर्याय आले की आधी आपली कळ, मग १ ते ४ यांपैकी आकडा. बरोबर आलं तर खोटे डॉलर जमा, चुकलं तर तेवढेच वजा, त्यामुळे खात्यात उणे रक्कम दिसणं नेहमीचंच. एस या कळीवर ‘स्क्रू’ असतो, आपल्याकडच्या भाषेत पाचर मारणं. समोरच्याला उत्तर येत नाही अशी खात्री असेल तर ती मारायची. मग त्याला दहा सेकंदांत उत्तर द्यावंच लागतं. पाचर मोजकीच मिळते. ती पहिल्या दोन प्रश्नांत उधळणारा पुढे हात चोळत बसतो. उलट जो भरपूर पुढे आहे आणि आता धोका नको म्हणून कळच दाबत नाही, त्याला सूत्रधार आणि प्रेक्षक मिळून भित्रा ठरवतात आणि उत्तर द्यायला भाग पाडतात. शेवटी ‘जॅक अटॅक’: मधोमध एक शब्द, आजूबाजूने दुसरे शब्द येतात-जातात, जोडी जुळली त्या क्षणी कळ दाबायची. आधीच्या वीस प्रश्नांची कमाई या दीड-दोन मिनिटांत पालटू शकते.

सिनेमावरचा खेळ म्हटल्यावर चित्रपटांची दृश्यं अपेक्षित असतात. इथे सगळी मदार अक्षरांवर आणि आवाजावर. काळ्या पडद्यावर नाचणारी अक्षरं, आकड्यांची करामत, प्रश्न क्रमांकाची गाणी, आणि कधीही न दिसणारा सूत्रधार. हा काटकसरीचा मार्ग होता, पण शहाणपणाचाही. चेहरा दाखवला की ओठ जुळवावे लागतात, दर प्रतिक्रियेला चित्रीकरण लागतं, आणि दुसऱ्यांदा तोच चेहरा तसाच हसला की सोंग उघडं पडतं. आवाजाचं तसं नाही. रेडिओवरचा माणूस कसा दिसतो ते ऐकणारा स्वतःच ठरवतो.

सीडीत मावतं किती?

आता हिशेब. एका साध्या सीडीत सुमारे ६५० मेगाबाइट, नेमके म्हणायचे तर ३,३३,००० खण (सेक्टर) गुणिले प्रत्येकी २,०४८ बाइट, म्हणजे ६८ कोटी १९ लाख बाइट मावतात. गाण्याच्या सीडीच्या दर्जाचा आवाज भरला तर ७४ मिनिटांत थाळी भरते. पण बोलण्याला तेवढा दर्जा लागत नाही. सेकंदाला २२,०५० नमुने, एकच वाहिनी, प्रत्येक नमुन्याला एक बाइट, असं धरलं तर एका सेकंदाला २२,०५० बाइट लागतात आणि तीच सीडी साडेआठ तासांहून थोडी जास्त चालते. त्या काळात बोलका खेळ बनवणाऱ्या कोणालाही याच चौकटीत भागवावं लागे.

समजा यातले दोन तास सर्वसाधारण वाक्यांना गेले: स्वागत, निरोप, गाणी, ‘कोणीच नाही?’ छापाचे शेरे. उरले साडेसहा तास, म्हणजे २३,४०० सेकंद. एका प्रश्नाच्या गाठोड्याला ४० सेकंद धरले तर ५८५ प्रश्न. एकवीस प्रश्नांच्या डावाने खेळलं तर २८ डावांत सीडीतलं सगळं ऐकून होतं. सामान्यज्ञानाच्या खेळाचं मोठं दुखणं हेच. बुद्धिबळाचा पट हजारदा मांडता येतो. प्रश्न मात्र एकदा उत्तर कळलं की मेला. म्हणूनच या मालिकेचे भाग दरवर्षी निघत राहिले आणि क्रीडा, सिनेमा, टीव्ही अशा विषयवार थाळ्याही आल्या.

त्या ४० सेकंदांचं गाठोडं उघडून बघू. प्रश्नाचं मथळावाक्य, प्रत्यक्ष प्रश्न, चार पर्यायांसाठी चार वेगळ्या प्रतिक्रिया, कोणीच बोललं नाही तर एक, आणि शेवटी खरं उत्तर सांगणारं एक. एका प्रश्नासाठी आठ ध्वनिफिती, आणि एका डावात खेळाडूला त्यातल्या बहुतेक वेळा चारच ऐकू येतात. न ऐकलेल्या फितींवर पैसे खर्च करायची तयारी असणं, यातच या खेळाचं सगळं इंगित आहे. स्वस्तातल्या क्विझमध्ये ‘बरोबर’ आणि ‘चूक’ अशा दोन फिती असतात. तिसऱ्या प्रश्नाला आपल्याला कळतं की समोर यंत्र आहे.

समोर माणूस आहे असं भासवण्याचे नियम

गॉटलिब यांनी हे तंत्र पुढे ‘जॅक प्रिन्सिपल्स’ या नावाने लिहून काढलं. त्याचे तीन भाग आहेत: वेग राखणं, समोरच्याला जाणीव आहे असा आभास निर्माण करणं, आणि तो आभास टिकवणं. नुसतं नाव ऐकून ते पोकळ वाटतं, पण खाली उतरलं की अगदी सुताराच्या सूचनांसारखं ठोस आहे.

वेगासाठी: एका वेळी एकच काम सांगा. पर्याय कमी ठेवा. या क्षणी काय करायचं ते खेळाडूला न विचारता कळलं पाहिजे. तो काहीच करत नसेल तर थांबू नका. शेरा मारा आणि पुढे सरका. बहुतेक संगणकीय खेळ ‘कळ दाबा’ म्हणून मारुतीसारखे उभे राहतात. हा खेळ वाट बघत नाही, आणि म्हणून खेळाडू सावरून बसतो.

आभासासाठी: खेळाडूने काय केलं यावर बोला, काय केलं नाही यावर बोला, आणि मागे काय केलं होतं ते लक्षात ठेवून बोला. ही तिसरी गोष्ट फार थोड्या खर्चात फार मोठं काम करते. कार्यक्रमाला फक्त एक आकडा जपायचा असतो: अमुक खेळाडूची सलग किती उत्तरं चुकली. तो तीन झाला की खास त्यासाठीची फीत वाजते. दुसरा आकडा: पहिल्या आणि शेवटच्या खेळाडूत किती अंतर पडलं. तिसरा: संगणकाच्या घड्याळात किती वाजलेत. मध्यरात्रीनंतर खेळणाऱ्याला ‘घरचे झोपले का?’ म्हणायला ‘जर वेळ बारानंतरची असेल तर’ एवढी एक ओळ पुरते, पण ऐकणारा दचकतो.

सगळ्यात नाजूक तिसरा भाग, आभास टिकवणं. एक वाक्य दोनदा ऐकू आलं की संपलं. उपाय म्हणजे फितींचा गठ्ठा पत्त्यांसारखा पिसायचा आणि वाजलेलं पान गठ्ठा संपेपर्यंत परत आणायचं नाही. नुसतं ‘दहातलं कुठलंही एक निवड’ असं सांगितलं तर तीच फीत लागोपाठ दोनदा यायची शक्यता दर वेळी दहात एक असते, आणि एकवीस प्रश्नांच्या डावात ते बहुधा होणारच. नवशिके बनवणारे सर्रास इथेच फसतात. पिसलेला गठ्ठा डाव संपल्यावरही फाइलमध्ये लिहून ठेवावा लागतो, नाहीतर उद्याचा खेळ पुन्हा कालच्याच स्वागताने सुरू होतो.

खेळाडूंची नावं हा आणखी एक सापळा. नाव टंकलेलं असतं. रेकॉर्ड केलेला आवाज ते उच्चारू शकत नाही. म्हणून नाव पडद्यावर दिसतं आणि तोंडी वाक्यं अशी बांधायची की नावाची जागाच राहणार नाही. त्या काळच्या यंत्रबोलीने नाव वाचून घेतलं असतं तर सूत्रधाराच्या मधोमध रेल्वे स्टेशनावरची उद्घोषणा ऐकू आली असती.

आणि वेळ. माणसामाणसांच्या बोलण्यात एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत साधारण पाव सेकंद जातो. त्या काळच्या सीडी ड्राइव्हला थाळीवरची नवी जागा शोधायलाच तेवढा किंवा अधिक वेळ लागे, आणि ड्राइव्ह झोपी गेला असेल तर थाळी फिरून वेग घेईपर्यंत काही सेकंद. टोमणा दोन सेकंद उशिरा आला तर तो टोमणा राहत नाही, खुलासा होतो. यावर सरळ उपाय असा: प्रश्न वाचला जात असतानाच त्याच्या प्रतिक्रिया मेमरीत आणून ठेवायच्या. पाच फिती, प्रत्येकी चार सेकंद, २२,०५० बाइटने गुणलं की ४ लाख ४१ हजार बाइट. आठ मेगाबाइट मेमरीच्या यंत्रालाही हे परवडतं. प्रश्नांमधली गाणी आणि नाचणारे आकडे पडद्यामागच्या अशा खटपटीला वेळ मिळवून द्यायला फार सोयीचे. खेळाडूला वाटतं करमणूक चाललीय.

मराठीत एक प्रश्न बांधून बघू

या मालिकेची जाहिरात अशी होती की इथे अभिजात संस्कृती आणि लोकप्रिय संस्कृती एकमेकांवर आदळतात. प्रश्न बांधायची कृतीही तीच आहे: एका क्षेत्रातली माहिती घ्यायची आणि दुसऱ्याच क्षेत्राच्या दारातून विचारायची. ‘लंका दहनमध्ये सीतेची भूमिका कोणी केली?’ हा प्रश्न परीक्षेचा झाला. येतं त्याला येतं, न येणाऱ्याला अंदाज बांधायला जागाच नाही. तोच असा फिरवता येतो:

‘१९१७ सालच्या लंका दहनमध्ये राम आणि सीता शेजारी शेजारी उभे राहिले असते, तर दादासाहेब फाळक्यांपुढे सगळ्यात आधी कोणती अडचण आली असती?’
१. हनुमानाला चौकटीत जागा उरली नसती.
२. सीतेचे संवाद रामाला ऐकू गेले असते.
३. नट एकच होता.
४. सेन्सॉर बोर्डाने कात्री लावली असती.

उत्तर तिसरं. अण्णा साळुंके यांनी त्या चित्रपटात राम आणि सीता दोघंही साकारले. त्याआधी १९१३च्या राजा हरिश्चंद्रमध्ये तारामतीही तेच होते; बायका कॅमेऱ्यासमोर यायला तयार नव्हत्या आणि साळुंके खाणावळीत स्वयंपाकी म्हणून काम करत असताना फाळक्यांनी त्यांना हेरलं.

आता चुकीचे पर्याय बघा, कारण खरं काम तिथे आहे. पहिला निव्वळ गंमत. दुसरा कान देऊन ऐकणाऱ्यासाठी: चित्रपट मूक होता, संवाद आलेच कुठून? चौथा सगळ्यात पक्का सापळा, कारण सेन्सॉर कायमच होतं असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात कायदा १९१८चा आणि मंडळं १९२०मधली. म्हणजे प्रत्येक चुकीत एक छोटी माहिती दडली आहे आणि प्रतिक्रियेने ती बाहेर काढायची:

पहिल्यावर: ‘सुरसेच्या तोंडात मावला, चौकटीत मावायला त्याला काय झालं?’
दुसऱ्यावर: ‘मूकपटातले संवाद ऐकायचे तर १९३१पर्यंत कान टवकारून बसा.’
चौथ्यावर: ‘कात्री चालवायला आधी कात्रीवाले लागतात. ते यायला अजून तीन वर्षं.’
कोणीच नाही: ‘वनवास चौदा वर्षांचा होता, आपलं घड्याळ दहा सेकंदांचं आहे.’

प्रश्नातला ‘अडचण’ हा शब्द मुद्दाम आहे. तिथे ‘काय अशक्य झालं असतं?’ असं विचारलं असतं तर कोणी जाणकार लगेच हात वर करील: फाळके कॅमेऱ्याच्या करामतींत वाकबगार होते, एकाच फिल्मवर दोनदा चित्रण त्यांना जमलं असतं. क्विझमध्ये वाद जिंकणारा खेळाडू विनोदाचा मूड मारतो, म्हणून प्रत्येक प्रश्न वकिलाच्या नजरेने एकदा वाचून घ्यावा. प्रतिक्रिया सात-आठ सेकंदांच्या पुढे जाऊ देऊ नयेत. विनोदाचा शब्द वाक्याच्या शेवटी ठेवावा. मध्ये आला तर पुढचे शब्द हशात बुडतात.

मराठीत मात्र एक अडचण अशी येते जी इंग्रजीत जवळपास नाहीच. ‘यू आर राँग’ हे एकच वाक्य सगळ्यांना चालतं. आपल्याकडे ‘चुकलास’, ‘चुकलीस’, ‘चुकलात’. वर सूत्रधाराने आजोबांना अरे-तुरे केलं तर घरात वेगळाच खेळ सुरू होईल. वाटा तीन. नाव विचारतानाच मुलगा-मुलगी-मोठं माणूस विचारून प्रत्येक फीत तीनदा रेकॉर्ड करायची; साडेसहा तासांतले प्रश्न तिसऱ्या हिश्शावर येतात. किंवा सगळ्यांना ‘तुम्ही’. पण त्या आदराने टोमण्याची धारच जाते, बँकेतल्या बाई बोलल्यासारखं होतं. तिसरी वाट म्हणजे वाक्यातून कर्ताच काढून टाकणं, जशी वरची वाक्यं आहेत. ‘गेले पैसे!’, ‘हे उत्तर आणलं कुठून?’, ‘डोकं घरी, बोटं इथे.’ आमच्या मते हीच खरी. मराठी माणूस टोमणा मारतो तेव्हा असाही तो भिंतीकडे बघूनच बोलतो.

आकड्यांचंही तसंच. रक्कम बोलून दाखवायची असेल तर इंग्रजीत वीस आणि एक जोडले की एकवीस होतं. एक ते नव्व्याण्णव सत्तावीस-अठ्ठावीस फितींत भागतात. मराठीत एकोणसाठ, त्रेसष्ट, अठ्ठ्याहत्तर या प्रत्येकाला स्वतंत्र फीत, म्हणजे सरळ नव्व्याण्णव. त्यापेक्षा सगळ्या रकमा हजाराच्या पटीत ठेवाव्यात आणि आकडा पडद्यावर दाखवून मोकळं व्हावं.

मालिकेतला ‘जिबरिश’ प्रश्न आपल्या भाषेत फर्मास जमतो. एक निरर्थक ओळ द्यायची, तिच्या प्रत्येक शब्दाशी यमक जुळणारी खरी ओळ ओळखायची. ‘उशी मी हलवाहलवी’ हा कोणता चित्रपट? मोठ्याने दोनदा म्हटलं की ‘अशी ही बनवाबनवी’ आपोआप ओठांवर येतं. शब्दांची अक्षरसंख्या सारखी ठेवायची, शेवटचा स्वर जुळवायचा, आणि निरर्थक ओळीत चुकूनही कोणाचं खरं नाव येऊ द्यायचं नाही, नाहीतर खेळणारे त्या नावामागे धावतात. रक्कम सेकंदागणिक घटत ठेवली की आरडाओरडा हमखास.

मालिकेच्या पुढच्या भागांतला ‘डिसऑरडॅट’ म्हणजे सात नावं, तीस सेकंद, आणि प्रत्येक नाव दोनपैकी कुठल्या खणात ते सांगायचं. आपल्याकडे ‘मासा की चित्रपट?’ करून बघा: टिंग्या, पेडवा, वळू, मुडदुशी, फँड्री, शिंगाळा, बोईट. मालवणच्या घरात हा प्रश्न पाच सेकंदांत संपतो. घाटावर मात्र मुडदुशी हा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला चित्रपट असावा असं शपथेवर सांगणारे भेटतील. श्रोता कोण आहे ते आधी ठरवायचं, मग प्रश्न लिहायचा, तो यासाठी.

टंकून द्यायच्या उत्तरांत मराठीची आणखी एक गोम. खेळाडू घाईत ‘फाळके’चं ‘फालके’ करतो, ‘साळुंके’चं ‘साळूंखे’. तुलना करण्याआधी दोन्ही बाजूंचे ह्रस्व-दीर्घ एक करावेत, ळ-ल आणि ख-क समान धरावेत, अनुस्वार आणि अदृश्य जोडचिन्हं काढून टाकावीत. पडद्यावर सारखे दिसणारे दोन शब्द आत वेगळे असू शकतात, आणि ‘माझं बरोबर होतं!’ हे भांडण त्यातूनच उगवतं. इंग्रजी मूळ खेळात अशा प्रश्नाला उत्तराऐवजी शिवी टंकली तर सूत्रधार भडकून भलीमोठी रक्कम कापायचा आणि पुन्हा पुन्हा केलं तर खेळच बंद करायचा. लोक मुद्दाम करून बघणार हे लेखकांनी आधीच ओळखलं होतं; खेळाडूची खोडीही त्यांच्या हिशेबात होती.

आजच्या यंत्रावर चालवायचं तर

सोपा रस्ता: जेलीव्हिजनच्या खेळ-विभागाचं पुढे जॅकबॉक्स गेम्स झालं आणि त्यांनी जुने भाग स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात पुन्हा विकायला ठेवले. सिनेमांवरचा भागही त्यात आहे. विंडोजवर तो घ्यावा आणि पुढचा परिच्छेद सोडून द्यावा.

मूळ सीडी हाताशी असेल तर आधी तिची प्रतिमा (इमेज), म्हणजे सगळ्या थाळीची हुबेहूब नक्कल एका फाइलमध्ये, काढून ठेवा. तीस वर्षांच्या जवळ पोचलेल्या थाळीवर दर वेळी ड्राइव्ह घासण्यात अर्थ नाही. मॅक आणि विंडोज दोन्ही बाजू असलेली सीडी असेल तर नुसत्या फाइली कॉपी करून भागत नाही, विंडोजला मॅकची बाजू दिसतच नाही. संपूर्ण थाळीची कच्ची प्रतिमा घ्या. त्या काळचे बरेच स्थापना-कार्यक्रम १६ बिटचे असायचे आणि ६४ बिट विंडोज ते उघडतच नाही. यावर संगणकातच दुसरा संगणक उभा करणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये ३२ बिट विंडोज एक्सपी टाकावी: मेमरी ५१२ मेगाबाइट, डिस्क पाच गिगाबाइट, ध्वनी एसी९७. विंडोज ९८ हट्टाने टाकू नका. तिथे चित्राचा ड्रायव्हर शोधण्यात रविवार जातो. रंग विस्कटून जांभळे-हिरवे दिसले तर खेळाच्या चिन्हावर उजवी टिचकी, गुणधर्म, सुसंगतता, आणि २५६ रंगांवर खूण. त्या काळी पडद्यावर एका वेळी २५६च रंग असायचे आणि प्रत्येक कार्यक्रम स्वतःची यादी आणायचा. डेस्कटॉपने आपली यादी मध्येच घुसडली की असा शिमगा होतो. जुन्या मॅकसाठी शीपशेव्हर किंवा बॅसिलिस्क टू हे अनुकारक (एम्युलेटर) आहेत.

दोन गोष्टी सगळ्यांनी तपासाव्यात. एक, कीबोर्ड. भाषा इंग्रजी करा. मराठी टंकायचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू राहिला तर क्यू, बी, पी या कळांवर औकाराची मात्रा, व आणि ज बसलेले असतात, आणि आपली कळ मेली असा पहिल्याच प्रश्नाला गैरसमज होतो. दोन, कळांची जाळी. स्वस्त कीबोर्डात कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर असतात आणि काही कळा एकदम दाबल्या तर पुढची नोंदलीच जात नाही. नोटपॅड उघडून क्यू आणि बी धरून ठेवा, मग पी दाबा, आणि मग आकड्यांच्या कळा. अक्षर उमटलं नाही तर दुसरा कीबोर्ड आणा. एखादा महाभाग आपली कळ दाबूनच ठेवतो, त्याने इतरांचंही अडतं. त्याला मधे बसवू नये.

पडदा वाटून दूरच्या मित्रांबरोबर खेळायचा मोह टाळा. कळ पोचायला शंभर-दोनशे मिलिसेकंद लागले तरी घरात बसलेलाच दर वेळी जिंकतो. २०११च्या आवृत्तीपासून सगळ्यांना एकाच वेळी उत्तर द्यायला दिलं आणि जो लवकर देईल त्याला जास्त रक्कम, असा बदल आला. पुढे २०१४च्या जॅकबॉक्स पार्टी पॅकमध्ये प्रत्येकाचा फोनच कळ झाला. कीबोर्डवर कोपराकोपरी करणारे तिघे त्यामुळे सुटले, आणि खरं सांगायचं तर थोडी मजाही गेली.

डाव संपल्यावर लगेच बंद करू नका. श्रेयनामावली सरकत असते तेव्हा मागे खोट्या वस्तूंच्या, रेडिओवरच्या वाटाव्यात अशा जाहिराती लागतात. घाईत असलेल्यांनी त्या कधी ऐकल्याच नाहीत.